रिकाम्या दिवसांचा रंगमंच

(सांगोला येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी मला चौथीला होते. गॅदरिंगच्या नाटकाची तालीम ते वर्गात घेत नसत. दप्तरं घरी ठेवून आम्ही बाजारतळावर जमायचो. आदल्या दिवशी, रविवारी, तिथं जनावरांचा बाजार भरलेला असायचा. झाडलोट झाली तरी कडब्याचा आणि शेणाचा वास जमिनीतून जात नसे. आम्ही मावळे होऊन उभे राहिलो की येणारा-जाणारा थांबायचा. कुणी सायकल टेकवायचा, कुणी डोक्यावरचा भारा खाली ठेवायचा. मागून एखादा म्हातारा ओरडायचा, "ऐकू येईना रं पोरा!" आणि आम्ही आवाज चढवायचो. आवाज टाकायला मी तिथं शिकलो, पण नाटकवाला झालो नाही. वास्तुरचनाकार झालो. आज मात्र त्या बाजारतळाकडेच परत यायचं आहे, थोडा लांबचा फेरा घेऊन.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मला एक जागा बघायला बोलावलं होतं. गावाचं नाव घेत नाही, कारण तिथं जे पाहिलं ते आणखी कितीतरी गावांत पाहायला मिळतं. नगरपालिकेनं बांधलेला खुला रंगमंच होता, पावणेदोन एकरांत, गावाच्या अगदी मध्यावर. फाटकाला कुलूप होतं. किल्ली कुणाकडे आहे हे शोधण्यात दीड तास गेला आणि शेवटी कुलूप तोडावं लागलं. आत अर्धवर्तुळात चौदा पायऱ्या, त्यांच्या फटींतून वेडी बाभूळ उगवलेली. रंगमंचामागच्या एका ग्रीनरूममध्ये ब्लिचिंग पावडरची पोती होती, दुसरीत मोडके दिव्याचे खांब. संडास होते, पण त्यांना पाण्याची जोडणी कधी दिलीच नव्हती. मंचासमोरच्या खळग्यात मागच्या पावसाचा गाळ सुकून त्याला भेगा पडल्या होत्या.

पूर्वेची भिंत मात्र एका ठिकाणी ढासळली होती, माणूस वाकून आत येईल एवढी. त्या बाजूच्या पायऱ्यांवर जुनी लुगडी अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या आणि दोघी बायका काठी घेऊन राखण बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी पदर सावरला. त्यातली एक मला म्हणाली, "सायेब, आता हे पण बंद करणार का?"

त्या एका प्रश्नानं माझी दृष्टी बदलली. मी बंद पडलेली जागा बघायला गेलो होतो, आणि ती बाई मला सांगत होती की ही जागा चालू आहे. फाटकाकडून बंद, भिंतीकडून चालू. मोडलेल्या रंगमंचांचा विचार मी तेव्हापासून या पडलेल्या भिंतीकडून करतो.

असे रंगमंच का मोडतात? लगेच मिळणारं उत्तर असं, की टीव्ही आला, मग मोबाईल आला, लोकांना कला नको झाली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं हे खरं, आणि त्यानंतर गावोगावच्या प्रेक्षकांची संध्याकाळ घरात गेली हेही खरं. पण लोकांना कला नको असती तर सप्ताहाच्या कीर्तनाला मांडव अपुरा पडला नसता आणि जत्रेतल्या तमाशाला पोरं झाडावर चढली नसती. माणसं अजून येतात. मोडलं आहे ते दुसरंच काहीतरी. ते समजण्यासाठी महाराष्ट्रातल्या सगळ्यात प्रसिद्ध मोडलेल्या खुल्या रंगमंचाकडे जाऊ या.

मुंबईत धोबी तलावाला, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारी, 'रंगभवन' आहे. राज्य सरकारचं खुलं नाट्यगृह. मराठी नाटकं झाली, गाण्याच्या मैफली झाल्या. १९७८ पासून 'जॅझ यात्रा' भरू लागली आणि जगभरचे वादक तिथं येऊन वाजवून गेले. पुढं रॉक संगीताच्या वेड्या पोरांचं ते हक्काचं ठिकाण झालं. तिकीट परवडायचं, बोरीबंदरहून चालत पोचता यायचं, डोक्यावर आभाळ असायचं. मग २००० साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय आणि न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर म्हणजे शांतता क्षेत्र ठरलं. तिथं दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज, जवळच कामा आणि गोकुळदास तेजपाल ही दोन रुग्णालयं. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच तिथला आवाज बंद झाला. त्यानंतर त्या जागेसाठी योजना निघत राहिल्या. मराठी भाषा भवन तिथं बांधायचं ठरलं. शेवटी तेही चर्नी रोडला गेलं आणि २०२२ च्या गुढीपाडव्याला तिथं त्याचं भूमिपूजन झालं.

त्या नियमांवर माझा राग नाही. बाळंतिणीच्या वॉर्डाबाहेर रात्री अकराला ढोल वाजू नये, एवढं साधं शहाणपण त्यात आहे. त्यातली दुसरी एक तरतूद मला जास्त विचार करायला लावते. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. बंदिस्त सभागृहाला ही अडचण नाही. म्हणजे उघड्या रंगमंचाला कायद्यानं वर्षात मोकळ्या मनानं जागायला १५ रात्री ठेवल्या. पावसाचे चार महिने तसेही गेले. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सिमेंटची पायरी रात्री नऊपर्यंत तापलेली असते, तिच्यावर बसवत नाही. परीक्षेचे दिवस वजा करा. अगदी उदार होऊन मोजलं तरी एखाद्या गावचा रंगमंच वर्षातले पंचवीस-तीस दिवस नांदता राहील. उरलेले ३३५ दिवस तिथं काय?

या प्रश्नाचं उत्तर आराखड्यात कधी लिहिलंच जात नाही. नगरपालिका रंगमंच बांधते तो कार्यक्रमाच्या दिवसासाठी. उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका डोळ्यांसमोर ठेवून. रिकाम्या दिवसांना पहारेकरी लागतो, दिवा लागतो, पाणी लागतं, तिथं रोज वावरणारं कुणीतरी लागतं. त्याची तरतूद नसते म्हणून कुलूप लागतं, आणि एकदा कुलूप लागलं की ते तीस दिवसही हळूहळू त्याच्या आत जातात.

आपल्या मुलखात हे असं नव्हतं. याच तालुक्यातलं नाझरे हे श्रीधरस्वामींचं गाव. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप लिहिले, आणि ते ग्रंथ महाराष्ट्रभर वाचले गेले ते देवळाच्या ओवरीत, पारावर, गोठ्याच्या पडवीत. पोथी ऐकणारी बाई हातानं वाती वळत असायची. तिकडं माळशिरस तालुक्यात खुडूसला वारीचं गोल रिंगण होतं. लाखभर डोळे एका घोड्यावर खिळलेले असतात. जगातल्या कुठल्याही मोठ्या रंगमंचाला हेवा वाटावा असा तो तासभर, आणि पालखी पुढं गेली की ती पुन्हा साधी मोकळी जमीन. मंगळवेढ्याच्या हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाच्या पालख्या भेटतात, भंडारा उधळला जातो, गजी ढोल वाजतात, आणि चार दिवसांनी तिथं मेंढरं चरतात. बाजारतळाचं तर मी सांगितलंच. या सगळ्या जागा एका कामासाठी बांधलेल्या नव्हत्या. आजचे नगररचनाकार ज्याला 'संमिश्र वापर' म्हणतात आणि परदेशातून शिकून आल्यासारखं सांगतात, तो आपल्या पटांगणाचा मूळ स्वभाव आहे.

इथं थोडं थांबतो, कारण जुन्या पटांगणाचं कौतुक करताना एक गोष्ट गिळून टाकली तर ते खोटं बोलणं होईल. हलगी वाजवणारा गावाच्या मधोमध वाजवायचा आणि राहायचा गावकुसाबाहेर. तमाशाच्या फडात नाचणारीला पाटलाच्या वाड्यासमोर टाळ्या मिळायच्या, पाणी वरून ओतलं जायचं. पंढरपूरच्या विठ्ठलाच्या पायाशी सगळ्यांना जाता यावं म्हणून साने गुरुजींना १ मे १९४७ ला उपोषणाला बसावं लागलं आणि दहाव्या दिवशी मंदिर खुलं करण्याचा निर्णय झाला. ही आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर जन्मल्या पंढरपूरला, १९३५ साली. दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. २००२ च्या जानेवारीत गेल्या तेव्हा शेवटच्या आजारपणात पैशाची चणचण होती. नंतर त्यांच्या नावानं सरकारनं पुरस्कार सुरू केला. तेव्हा पटांगण सगळ्यांचं होतं असं मी म्हणणार नाही. ते सगळ्यांच्या उपयोगाचं होतं, मालकीचं नव्हतं. आज नव्यानं काही करायचं तर मधोमध कोण राहणार, हा प्रश्न पहिला आला पाहिजे.

आता थोडं दूर जाऊ. इटलीत लुक्का नावाचं गाव आहे. रोमन काळात तिथं उघडं प्रेक्षागार बांधलं गेलं, हजारो माणसं बसतील असं, लंबवर्तुळाकार. साम्राज्य संपलं, खेळ संपले. लोकांनी त्याचे दगड काढून नेले आणि उरलेल्या कमानींना टेकून घरं बांधली. पिढ्यान्पिढ्या बांधत गेले. आतलं रिंगणही घरांनी आणि कोठारांनी भरून गेलं. १८३० च्या सुमारास लोरेंझो नोत्तोलिनी या वास्तुशिल्पीनं फक्त मधली दाटी काढली, भोवतीची घरं तशीच ठेवली. आज तिथं लंबवर्तुळाकार चौक आहे. खाली दुकानं, वर राहणारी माणसं, खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे. प्रेक्षागाराचा आकार जिवंत आहे, कारण त्यात माणसं राहतात.

फ्रान्सच्या दक्षिणेला आर्ल आहे. तिथल्या रोमन रिंगणाचंही तेच झालं होतं. वीसेक हजार प्रेक्षकांच्या त्या जागेत मध्ययुगात २०० हून जास्त घरं आणि दोन छोटी प्रार्थनामंदिरं उभी राहिली, भोवती बुरूज बांधून अख्खं गावच झालं. तिथं एकोणिसाव्या शतकात दुसरा निर्णय झाला. स्मारक स्वच्छ करायचं म्हणून सगळी घरं पाडली, माणसं उठवली. १८३० मध्ये त्या मोकळ्या रिंगणात पुन्हा खेळ झाला. आज ते सुंदर दिसतं, प्रवासी येतात, बैलांचे खेळ होतात. दोन गावं, जवळपास एकच काळ, एकाच प्रकारची वास्तू. एकानं मधली जागा मोकळी केली आणि माणसं ठेवली. दुसऱ्यानं माणसं काढून दगड ठेवले. मला लुक्काचा निर्णय जास्त शहाणपणाचा वाटतो, आणि का वाटतो ते त्या कुरडया राखणाऱ्या बाईनं मला आधीच सांगून ठेवलं आहे.

श्रीमंत देशांत तरी हे सहज जमतं असं समजू नका. अमेरिकेत नॅशव्हिलजवळ स्टारवुड नावाचा मोठा खुला रंगमंच १९८६ मध्ये उघडला, २००६ मध्ये बंद झाला आणि नंतर पाडला गेला. मग ती जमीन वर्षानुवर्षं तशीच पडून होती. घरं, दुकानं, कचेऱ्या यांची संमिश्र वस्ती तिथं करायची असे आराखडे पुढं झाले. पाडणं महिन्यांत होतं, वसवायला पिढी लागते.

'पुनर्विकास' हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो, आणि त्याला कारण मुंबईतलंच आहे. गिरणगावात लालबाग-परळ भागात तमाशाची थिएटरं होती. हनुमान थिएटरचं नाव इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक असेल. आपल्या सातारा-सांगली-सोलापूरकडचे गिरणी कामगार तिथले प्रेक्षक. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तो प्रेक्षकच शहरातून पुसला गेला. थिएटरं त्याच्यामागून गेली. गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता : गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे साधारण तीन वाटे. एक महापालिकेकडे उद्यान-मैदानांसाठी, एक म्हाडाकडे स्वस्त घरांसाठी, एक मालकाकडे. चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं १९९६ मध्ये या जमिनींचा एकत्रित विचार कसा करावा हे मांडून दिलं होतं. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त त्या जमिनीची, जिच्यावर आधीपासून बांधकाम नव्हतं. गिरणीच्या शेडखालची जमीन शेड पाडल्यावरही वाटणीत येणार नाही. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये हे अमान्य केलं, सर्वोच्च न्यायालयानं मार्च २००६ मध्ये मान्य केलं. 'मोकळी जमीन' म्हणजे काय, एवढ्या एका व्याख्येत मैदानं आणि घरं गेली. आज तिथं घरं आहेत, दुकानं आहेत, कचेऱ्या आहेत, म्हणजे संमिश्र वापर शंभर टक्के आहे. ज्यांच्या घामाची ती जमीन होती त्यांना मात्र तिथल्या लॉबीत बसायला जागा नाही.

म्हणून नुसता संमिश्र वापर हवा असं म्हणून भागत नाही. गावोगावी त्याचं छोटं रूप तुम्ही पाहिलं आहे. नगरपालिकेच्या मोक्याच्या जागेवर 'व्यापारी संकुल व सभागृह' असा फलक लागतो. खालचे गाळे आधी होतात, अनामत घेऊन लिलाव होतो. वरच्या सभागृहाच्या नुसत्या सळया वर आलेल्या असतात आणि त्या गंजत राहतात. गाळा हा मिश्रणातला एक जिन्नस आहे. गाळ्यानंच पातेलं भरलं तर त्याला मिश्रण म्हणता येणार नाही.

आता त्या पावणेदोन एकराकडे परत येतो. मी तिथं नगरपालिकेच्या सभेत काय सुचवलं ते सांगतो. त्यातलं सगळं पटलं पाहिजे असं नाही.

पायऱ्या पाडायच्या नाहीत. त्या सिमेंट-सळईचा खर्च आणि त्यासाठी जळलेलं इंधन एकदा होऊन गेलं आहे. ते तोडून गावाबाहेरच्या ओढ्यात टाकायचं आणि नवं आणायचं, याला शाश्वत विकास म्हणवत नाही. पायऱ्यांच्या वरच्या कडेला, अर्धवर्तुळाच्या बाहेरून, तीन मजल्यांची चाळीस छोटी घरं. रस्त्याच्या अंगाला गाळ्यांची एकच रांग, आणि त्यातले निम्मे गाळे रोजच्या कामाचे : पिठाची गिरणी, शिवणकाम, सायकल दुरुस्ती, पाळणाघर, भाजीचे ओटे. ग्रीनरूमच्या जागी अभ्यासिका, जी कार्यक्रमाच्या दिवशी ग्रीनरूम होईल. पायऱ्यांमध्ये दर तिसऱ्या टप्प्यावर सिमेंट फोडून कडुनिंब. दहा वर्षांत तिथं दुपारी बसता येईल.

पाण्याचं मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण हे माणदेशाच्या अंगाचं गाव आहे आणि इथं पाण्याशिवाय कुठलीही वस्ती ही थाप आहे. खुला रंगमंच म्हणजे खोलगट वाडगं. पावसाचं पाणी मंचासमोर साचतं, हा त्याचा दोष म्हणून दाखवला जातो. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅम शहरात २०१३ मध्ये बेंथेमप्लाइन नावाचा चौक तयार झाला. कोरड्या दिवशी तो खेळाचं मैदान आणि पायऱ्यांचा रंगमंच असतो, जोराचा पाऊस झाला की त्याच्या खळग्यांत सुमारे १७ लाख लिटर पाणी थांबतं आणि सावकाश जिरतं. त्यांची अडचण जादा पाण्याची आहे, आपली कमतरतेची, पण वाडगं दोघांचं एकच. आपल्याकडे वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. नव्या छपरांचं क्षेत्र १५०० चौरस मीटर धरलं आणि वीस टक्के वाया गेलं असं मानलं, तर ६ लाख लिटर पाणी हाती येतं. चाळीस घरांत २०० माणसं, माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे दिवसाला ११ हजार लिटर. छपराचं पाणी ५४ दिवस पुरेल. वर्ष निघणार नाही हे मी त्या सभेत स्पष्ट सांगितलं. पण ते ५४ दिवस एप्रिल-मेमधले असले तर टँकरच्या मागं घागर घेऊन पळणारी बाई दोन महिने घरी राहते. टाकी मंचाच्या खाली. पायऱ्यांवरचं पाणी पुनर्भरणाच्या खड्ड्यात. धुण्या-भांड्याचं पाणी झाडांना. यात नवल काही नाही. डाळिंबाला थेंब मोजून पाणी देणाऱ्या तालुक्याला हा हिशेब मी शिकवायची गरज नाही.

घरं कुणाला? माझं म्हणणं असं, की जे त्या जागेला जागतं ठेवतील त्यांना. पहाटे गाव झाडणारे सफाई कामगार, हलगीवाले, बँडवाले, फडातली माणसं. तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास संपतो. पावसाळ्यात फडातल्या माणसाला कुठं डोकं टेकायचं हा दरवर्षीचा प्रश्न असतो. नेमका तेव्हा रंगमंचही रिकामा असतो. दोघांचे रिकामे दिवस एकत्र आणले तर त्यातून तालमीचे दिवस होतात. गावातल्या पोरांना ढोलकी शिकवायला मग पुण्याहून कुणी आणावं लागणार नाही.

सभेत एक गृहस्थ म्हणाले, गरिबांची वस्ती गावाच्या मध्यावर कशाला, बाहेर जागा स्वस्त आहे. त्यावर माझं उत्तर असं. आपल्या जिल्ह्यात सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांनी गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत सहकारातून उभी केली. २००६ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते किल्ल्या मिळाल्या. पुढं तिथंच रे नगरच्या तीस हजार घरांची योजना झाली आणि पहिली पंधरा हजार जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. एवढं मोठं काम देशात फार थोड्या ठिकाणी झालं असेल, आणि ते करणाऱ्यांसमोर मी मान लववतो. पण त्या बायकांना शहरापासून लांब जावं लागलं, कारण शहरात त्यांच्यासाठी जमीन नव्हती. इथं जमीन आहे, सार्वजनिक आहे, आणि कुलपात आहे. पिढ्यान्पिढ्या गावकुसाबाहेर राहिलेल्यांना मधोमध चाळीस घरं देण्याची ही संधी आहे. ती स्वस्त पडते की महाग, हे फक्त जमिनीच्या भावावर ठरत नाही.

जमीन मात्र विकायची नाही, हे मी अटीसारखं मांडलं. मालकी नगरपालिकेची, रहिवाशांची सहकारी संस्था, तिला दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा. गाळ्यांच्या भाड्याचा ठरलेला हिस्सा रंगमंचाच्या दिव्या-पाण्याला, आणि हे ठरावात आकड्यानं लिहिलेलं. सहकारावर आता लोकांचा विश्वास उडाला आहे असं मला सांगितलं जातं. सांगोल्यात बसून मी ते कसं मान्य करू? ज्या तालुक्यात कापूस नावालाच, तिथं गणपतराव देशमुखांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली. अकरा वेळा आमदार झालेला तो माणूस एसटीच्या बाकावर बसलेला तुम्ही पाहिला आहे. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे इथून, सांगोल्याच्या स्टेशनातून, पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली. चाळीस घरांची एक संस्था आपल्याला झेपणार नाही, हे मला पटत नाही.

एका अडचणीचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. राहत्या वस्तीत ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. चाळीस घरांच्या मध्ये बारी लावून रात्रभर तमाशा होणार नाही. गण, गवळण, बतावणी, वग असा पुरा तमाशा रात्री दहानंतर चढतो. त्याला जत्रेचं मोकळं रान आणि कनातच हवी. ती जागा गावानं वेगळी राखली पाहिजे, नाहीतर आपण घरं बांधता बांधता फडालाच हुसकावून लावू. वस्तीतल्या मंचावर दहाच्या आत संपणारं सगळं व्हावं : भारूड, शाहिरी, एकांकिका, शाळेचं गॅदरिंग, बिनमाईकचं गाणं. घरांच्या मंचाकडच्या बाजूला जिने आणि न्हाण्या, झोपायच्या खोल्या पलीकडे. पायऱ्यांच्या आकारामुळे आवाज वर पोचतो, त्यासाठी भिंतीएवढे कर्णे लागत नाहीत. तरीही तंटे होतील. कुणाचं मूल आजारी असेल, कुणाची परीक्षा असेल. म्हणून वर्षाचं वेळापत्रक रहिवासी आणि कलावंत यांनी एकत्र बसून पाडव्याला ठरवावं असं मी लिहिलं आहे. रंगभवनाच्या वाट्याला आलेला प्रश्न टाळता येत नाही, पण शेजाऱ्यांशी आधी बोलता येतं.

या प्रस्तावाचं पुढं काय झालं, हे तुम्ही विचाराल. दोनदा सभेपुढे गेला, दोनदा तहकूब झाला. तिसऱ्यांदा नगररचना खात्याकडे अभिप्रायासाठी पाठवायचं ठरलं, कारण विकास आराखड्यात त्या जागेवर 'खुला रंगमंच' एवढंच आरक्षण आहे आणि घरं घालायची तर १९६६ च्या कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली फेरबदल करावा लागतो. हरकती-सूचना मागवाव्या लागतात. हे लांबतं, पण ते योग्य आहे. सार्वजनिक जागेचा वापर कुणाच्या तरी खोलीत बसून बदलू नये. हरकतींच्या दिवशी त्या पूर्वेच्या गल्लीतल्या बायका यायला हव्यात म्हणून मी घरोघर जाऊन आलो. बावीस जणींनी अंगठे आणि सह्या दिल्या आहेत.

आराखड्याची प्रत मी आज सोबत आणली आहे. नंतर तुम्हाला बघता येईल. त्यात पूर्वेच्या पायऱ्यांच्या वरच्या चार ओळींवर झाड घातलेलं नाही, सावली पडू दिलेली नाही, आणि ढासळलेल्या भिंतीच्या जागी साडेतीन फुटांचं बिनफाटकाचं दार काढलं आहे. त्या चार ओळींवर पेन्सिलीनं लिहिलं आहे : मार्च ते मे, सकाळी सात ते दुपारी चार, कुरडया.